कोरड्या वाळूतला व्यायाम

आमचे हे मुंबईहून रजेवर रत्नागिरीला आले, ते सुटलेलं पोट आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊनच. रोज सकाळी समुद्रावर चालायचं, तेही कोरड्या वाळूत. तिथे पाय रुततात आणि मेहनत दुप्पट होते म्हणे. मेहनतीबरोबर भूकही दुप्पट झाली. चालून झाल्यावर घरी यायचं त्राण उरेना, म्हणून पेज, लोणचं आणि भाजलेले पापड किनाऱ्यावरच मागवू लागले. नेणार कोण? पेजेचं तपेलं डोक्यावर घेऊन त्याच वाळूतून मी जायचे, यायचे. जळला मेला तो व्यायाम!

"तुला काय, सवय आहे," हे पेज भुरकत म्हणायचे.

महिन्याभराने ह्यांच्या सदऱ्याची बटणं लागेनात, आणि माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या.