भिजत घातलेले गहू

ते प्रकरण मला दर उन्हाळ्यात आठवतं, गच्च्यांवर कुरड्या वाळायला लागल्या की. तेव्हा मी नागपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी, कुलरची खडखड, हवालदाराने मागवलेला कडक चहा. ते दिवस मला मनापासून आवडायचे. ठाण्याचा अभिमानही होता.

मंगळवारी एक गृहस्थ आला. बायको सकाळी भांडून निघून गेली, आई आठवडाभर गावाला आहे, म्हणाला. आम्ही मिसिंगची नोंद केली, फोटो घेतला, बिनतारी संदेश पाठवले. जावयाने येऊ नका म्हणून कळवलं होतं, तरी शनिवारी त्या बाईची आई उमरेडहून एसटीने आली.

"माही पोरगी कुठं गेली नाही जी, साहेब. सोमवारी सांजेले तिचा फोन आला. म्हणे, कुरड्याचे गहू भिजू घातले, शुक्रवारी चीक घाटाले ये."

हवालदार हसला. "मावशी, रागाच्या भरात बाई सोनं सोडून जाते. तुम्ही गव्हाचं काय घेऊन बसल्या?"

"तुह्या घरी कुरड्या कोण करते गा?"

"घरवाली."

"मंग तिले विचारजो."

आमची महिला शिपाई मात्र हसली नाही. "सर, गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. बाई मंगळवारी गेली असेल, तर घरात गहू आंबून वास सुटला असेल. बघून तरी येऊ."

मावशीला घेऊन आम्ही तिच्या लेकीच्या घरी गेलो. वास नव्हता. गव्हाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासून पालथा ठेवलेला होता. गच्चीवर जुन्या लुगड्यावर पांढऱ्याशुभ्र कुरड्या वाळत होत्या.

मावशीचा चेहरा उजळला. "पाहा! केल्या तिनं! शुक्रवारी घरीच होती म्हणजे. जिती आहे माही पोरगी!"

मग तिने एक कुरडई उचलली, उलटी केली, आणि तिथेच बसली.

"हा हात तिचा नाही, साहेब. ती लहान घेर टाकते. मीच शिकवला तिले."

खाली नवऱ्याला विचारलं. "बायकोनेच टाकल्या, जायच्या आधी," तो चटकन म्हणाला. सोमवारी भिजवलेल्या गव्हाच्या मंगळवारी सकाळी कुरड्या! शिपाईने माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाने जन्मभर कुरड्या खाल्ल्या होत्या. त्या करायला किती दिवस लागतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ठाण्यात आणल्यावरही तो दोन तास तेच सांगत राहिला. मी आवाज चढवला, काही निघालं नाही. शेजाऱ्यांकडून कळलं, त्याची आई बुधवारीच परतली होती, आम्ही गेलो तेव्हा तेवढी बाहेर होती. शिपाईने घरी जाऊन तिला एवढंच विचारलं, "काकू, कुरड्या छान झाल्या. चीक तुम्हीच घाटला?"

"मंग काय करू? दोन पायल्या गहू होते वं. वाया जाऊ देऊ?" म्हातारी बोलली, आणि तिने तोंडावर पदर दाबला.

मुलाने तिला बुधवारीच सगळं सांगितलं होतं. आईचा जबाब समोर आल्यावर तो खचला. पंचांसमक्ष त्याने बंद पडलेली दगडखाण दाखवली. मारहाणीत बायकोचा जीव गेला, तसं त्याने तिला तिथे टाकलं होतं. पुढे त्याला जन्मठेप झाली.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण तपासाची खरी आठवण मावशीच्या जबाबाची आहे. जबाबावर अंगठा उमटवून तिने विचारलं, "साहेब, ती अगोदर इथं आली होती नं?"

मी रजिस्टर काढायला लावलं. चार महिन्यांपूर्वीची नोंद होती. नवऱ्याकडून मारहाण, अदखलपात्र. पुढे शेरा होता: "घरगुती बाब. दोघांना समज देऊन पाठवले." खाली सही माझी.

"मंग तवा काहून नाही आयकलं?"

मी माझी सही पुन्हा पाहिली. मार खाणारी बाई ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तिने घरातले सगळे उंबरे आधीच झिजवलेले असतात. तिला समज देऊन परत पाठवणं म्हणजे मारणाऱ्याच्या हाती सोपवणं. त्या नवऱ्याला शिक्षा झाली, माझ्या सहीला कुणी जाब विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीला ती नोंद मी सगळ्यांसमोर वाचली. नंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे पहिल्या हजेरीला तीच वाचली, सहीसकट.