तिरपी रेघ

दिघीची साजिदा. मी वाईट केलं ते तिचं. रोजे सुरू व्हायच्या आदल्या गुरुवारी, दुपार कलून असरची बांग होऊन गेल्यावर, आगरदांड्याच्या जेटीवर, तिकीटखिडकीच्या बाजूच्या सिमेंटच्या बाकावर बसून. कुणाचं, कधी, कुठे — हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे, असं मी लोकांना तक्रारअर्ज लिहायला शिकवताना सांगते. म्हणून इथेही तसंच. फक्त या वेळी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती मी आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मोहिमेतल्या सोबत्यांना नाही — आणि साजिदाला तर नाहीच.

तुम्ही मला बहुतेक पाहिलं असेल. मुरूडच्या बाजारात, अलिबागच्या एसटी स्टँडवर, खांद्याला पिशवी अडकवून पत्रकं वाटणारी पोरगी. "औषध हातात घेण्याआधी विचारा — फार्मासिस्ट कुठे आहे?" हे आमच्या मोहिमेचं पत्रक. दुसऱ्याचं सर्टिफिकेट भिंतीला टांगून दुकानं चालवतात, आणि आपण निमूटपणे गोळ्या घेऊन घरी येतो — याची मला चीड आहे. अजून आहे. ती खोटी नाही. पण त्या पत्रकात मी आणखी एक वाक्य घातलंय, तेच मला हल्ली वाचवत नाही: चुकीचं मोजमाप दिसत असताना गप्प राहणारा, चूक करणाऱ्याइतकाच गुन्हेगार. छान आहे ना वाक्य? माझंच आहे.

साजिदा आणि मी फार्मसीच्या कॉलेजात एका बाकावर होतो. ती दिघीची, खाडीच्या पलीकडची. मी आगरदांड्यावरून आत गेल्यावर जे भाताचं गाव लागतं, तिथली. कॉलेज संपल्यावर ती मुरूडला एका मेडिकलमध्ये लागली आणि मी मोहिमेत शिरले. रोज संध्याकाळी ती घरी जायला जेटीवर यायची आणि मीही तिथे पोचायची. माझं जेटीवर काही काम असायचं का? नसायचं. तिची बोट लागलेली असायची, गाड्या चढत असायच्या, आणि मी म्हणायची, पुढच्या बोटीनं जा. ती लागलेल्या बोटीत चढायची नाही. बोटीवरचे काका साखळी ओढता ओढता ओरडायचे, "काय पोरीनु, आजपन पुढचीच काय?" आणि ती त्यांना हातानं जा जा करायची. एक बोट सोडून दिल्यावर दुसरी येईपर्यंतचा वेळ — तो माझा होता. दिवसभरात बाकी काहीही झालं तरी तेवढा वेळ माझा होता.

त्या वेळात आम्ही काही मोठं बोलायचो, असं नाही. ती दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. खोकल्याचं औषध मागायला आलेला माणूस कसा आधी शेजारच्याचं दुखणं सांगतो, मग मेव्हण्याचं, आणि शेवटी लाजत लाजत स्वतःचं. मी हसायची. तिच्या ओढणीला दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास यायचा. आता कुठल्याही मेडिकलमध्ये शिरले की तो वास येतो, आणि मी पत्रक काढायचं विसरून उभी राहते.

मग मस्कतचं निघालं. तिचा मामू तिकडे एका औषधाच्या दुकानात हिशेब बघायचा. त्यांच्याकडे बाई फार्मासिस्ट हवी होती, मामूनं शब्द टाकला होता. फक्त तिकडचं लायसन्स हवं, आणि लायसन्ससाठी परीक्षा. मुंबईला सेंटरवर जाऊन कॉम्प्युटरवर द्यायची. औषधांची नावं, कशाबरोबर काय द्यायचं नाही, गरोदर बाईला काय चालत नाही — या सगळ्यात साजिदा माझ्या पुढे होती. तिला भीती होती ती एकाच भागाची. गणितांची. पोराच्या वजनावरून डोस काढा, सलाइनचे मिनिटाला थेंब काढा, टक्क्यांचे मिलिग्रॅम करा. ती गणितं मला जमायची. म्हणून ती म्हणाली, तू शिकव.

आणि मी शिकवलं. खरंच मनापासून शिकवलं — हे सांगताना माझाच आवाज मला आवडत नाहीये, पण ते खरं आहे. त्या बाकावर बसून आम्ही थेंबांची गणितं केली, वजनाची केली. ती भराभर सुधारत होती. जसजशी ती सुधारत गेली तसतसं मला काय होऊ लागलं, हे कसं सांगू? तिचं एकेक गणित बरोबर यायचं, आणि मला बाकावरची तिची जागा रिकामी दिसायची.

शेवटचा प्रकार राहिला होता. दोन ताकदीची द्रावणं मिसळून मधल्या ताकदीचं करायचं, अलिगेशन. फार सोपं असतं. चौकोन काढायचा. डावीकडे वर कडक द्रावणाचा आकडा, खाली सौम्याचा, मधोमध आपल्याला हवा तो. मग वजाबाकी तिरपी करायची — वरच्या आकड्याचा मधल्याशी फरक उजवीकडे खाली, खालच्याचा उजवीकडे वर. रेघ तिरपी, एवढंच लक्षात ठेवायचं. सत्तर टक्के आणि वीस टक्के मिसळून तीस करायचं, तर सत्तरचा एक भाग आणि वीसचे चार.

त्या गुरुवारी साजिदानं चौकोन काढला आणि रेघ सरळ ओढली. सत्तरसमोर चाळीस, वीससमोर दहा. म्हणजे उलटं. कडक द्रावणाचे चार भाग, सौम्याचा एक. तिनं कागद माझ्यापुढे धरला. उत्तरं माझ्या फोनमध्ये होती, तिच्याकडे नव्हती. उत्तरं बघून आपण फसतो म्हणून तिनंच ती माझ्याकडे ठेवली होती. म्हणाली,

"बरोबर हाय ना गो?"

मी म्हणाले, "बरोबर आहे."

एवढंच. एवढाच माझा गुन्हा. मी तो कागद नीट पाहिला होता का? हो. मला चूक दिसली होती का? पाहता क्षणी. तोंडातून चुकून गेलं का? नाही. समोर बोट लागत होती, आणि मी विचार केला — विचार करायला वेळ होता — की ही बोट तिला फक्त दिघीला नेते. मग मी बोलले.

एकदा बरोबर म्हटलं की पुढे म्हणत राहावं लागतं. त्या जातीची आणखी गणितं तिनं केली, सगळी सरळ रेघेनं, आणि प्रत्येकाखाली मी बरोबरची खूण केली. परीक्षेतल्या चार पर्यायांत हे उलटं उत्तर मुद्दाम ठेवलेलं असतं, हे मला माहीत होतं. म्हणजे तिला तिथे शंकासुद्धा येणार नव्हती. तिचं चुकीचं उत्तर तिला पडद्यावर छापलेलं दिसणार होतं.

परीक्षा रोज्यांत आली. त्याच्या आधी एका संध्याकाळी तिच्या अम्मीनं, मी त्यांना मावशी म्हणते, मला इफ्तारीला बोलावलं. साजिदा सरबत करत होती. कोकमाचं आगळ तिनं तळाशी बेताचं ओतलं, वर भरपूर पाणी, चाखायची सोय नव्हती तरी अंदाज अचूक. मी बघत होते. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं: मग द्रावणात उलटं का करतेस? इतकं एक वाक्य. ती हसली असती, कपाळावर हात मारला असता, आणि रात्रीत सगळी गणितं परत केली असती. बांग झाली. तिनं पहिला पेला मला दिला, मी रोजा धरला नव्हता तरी. मी तो प्यायले.

ती नापास झाली. बाकीच्या भागांत चांगली, गणितांत कच्ची, असं पडद्यावरच लिहून आलं. थोडक्यात गेली. मी परत बस म्हणाले — हळूच म्हणाले, पुन्हा म्हणाले नाही. मामूच्या दुकानानं दुसरी कोणी घेतली. आणि साजिदानं माझा हात धरून माझीच समजूत काढली. "तुझं काय चुकलं गो? तू किती शिकवलंस. माझंच डोकं न्हाय चालत आकड्यांत." आजही ती तसंच मानते. मी तिची नोकरी घालवली त्याहून हे जास्त आहे. तिच्या डोक्याबद्दल मी तिला खोटं सांगितलं, आणि तिनं ते आयुष्यभरासाठी खरं धरलं.

मला कारण हवं होतं, आणि कारणं बनवणं हे माझं कामच आहे. मी लगेच एक पत्रक लिहिलं — आपली शिकलेली मुलं आखातात जातात, मग इथल्या आरोग्यकेंद्रात कोण उभं राहणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुद्दा चुकीचा नाही. पण त्या बाकावर मला आरोग्यकेंद्र आठवलं नव्हतं. मला ती हवी होती. इथे. संध्याकाळी, एक बोट सोडून.

आणि ती तरी राहिली का? मुरूडची नोकरी तिनं सोडली. रोज त्याच जेटीवरून जायचं तिला नको झालं. आता ती श्रीवर्धनला एका मेडिकलमध्ये आहे, अम्मीच्या बहिणीकडे राहते. बोट नाही, बाक नाही. ईदला तिचा फोन येतो, शीरखुर्मा खायला ये म्हणते. कधी कधी मी अजून जेटीवर जाऊन बसते. काका माझ्याकडे बघतात, साखळी ओढतात आणि बोट सोडतात.

गेल्या महिन्यात मोहीम श्रीवर्धनला गेली. तिच्या दुकानात शिरले तेव्हा काउंटरवर एक बाई लहान पोराला घेऊन उभी होती. डॉक्टरांनी लिहिलेल्या ताकदीचं सिरप दुकानात नव्हतं, दुसऱ्या ताकदीचं होतं. किती मिली द्यायचं तेवढं काढायचं होतं. साजिदानं पेन उचललं, खाली ठेवलं, आणि डॉक्टरांना फोन लावला. फोन लागेना. पोरगं किरकिरत होतं. ती बाई तोंड वाकडं करून म्हणाली, येत न्हाय तर काउंटरवर बसतेस कशाला? साजिदा रागावली नाही. पोराला चुकीचं देण्यापेक्षा थांबलेलं बरं ना ताई, म्हणाली. मग तिला मी दिसले. तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या बाईला ती म्हणाली, "ही माझी मैत्रीण. हिनं मना शिकवायला लय जीव काढला. मीच मठ्ठ."

ती बाई माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. वरच्या पानावर माझं वाक्य होतं.

तिथे बोलायला हवं होतं. मी सिरपचा हिशेब करून दिला. साजिदानं आकडा बघून मान हलवली, किती पटकन गो, म्हणाली. मी चहा घेतला आणि परत आले. म्हणजे त्या दिवशीही मी तेच केलं जे त्या गुरुवारी केलं होतं. आणि आज तिच्या आधी तुम्हाला सांगतेय. हाही भित्रेपणाच आहे, याला दुसरं नाव नाही. ती मला काय म्हणेल हे मला माहीत नाही. ते ठरवणं तिचं काम आहे, तुमचं नाही. म्हणून मला माफ करा वगैरे मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट तुम्ही करायचीच. मी तुमच्या दारात पत्रक घेऊन येईन, तेव्हा ते हातात घेऊ नका. आधी मला विचारा, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात विचारा — साजिदाला सांगितलंस का? आणि मी नाही म्हणाले, तर दार लावून घ्या.