कवळीवाल्यांचं स्टेशन

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. तीस वर्षं ते एका दंतवैद्यासाठी कवळ्या बनवत आले होते, आणि काम असं चोख की गिऱ्हाईक आपलं वय विसरून अक्रोड फोडायला निघायचं.

घरी मागच्या खोलीत मोठ्या टेबलावर त्यांची छोटी रेल्वे होती. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना खपत नसे. गाडी दिवसभर गोल गोल फिरायची, पण तिला थांबायला स्टेशनच नव्हतं. बायको शेजारच्या खोलीत शिवणकाम करायची. एकदा ती मशीनवरूनच म्हणाली, "अहो, त्या डब्यांतली माणसं कधीची बसलीयत. एकदाची उतरवा तरी!"

हे कवळीवाल्यांच्या मनाला लागलं. त्यांनी स्टेशन बांधायला घेतलं. भिंती पुठ्ठ्याच्या, खांब आगकाड्यांचे, आणि फलाट मात्र दातांचे ठसे ओततात त्या प्लास्टरचा. छपराला मनासारखं काही मिळेना, तेव्हा हिरड्यांचं गुलाबी प्लास्टिक कामी आलं. तिकिटाची खिडकी नखाएवढी. दोन महिने माणूस जेवायला बसला तरी बोटांना डिंक.

छप्पर चढल्यावर बायकोने मान तिरकी करून पाहिलं. "छान झालंय. फक्त जांभई दिल्यासारखं दिसतंय."

जागा उरली होती ती नेमकी वळणावर, आतल्या बाजूला. कवळीवाल्यांनी रुळांवर इंजिन उभं केलं, माप घेतलं आणि फलाट अगदी खेटून बसवला. मध्ये केसाएवढी फट. कवळी बसवणाऱ्या माणसाला फट म्हणजे पाप!

उद्घाटनाला सासूबाईंना बोलावलं. फलाटावर लाकडातून कोरलेले सात उतारू उभे होते. मान म्हणून सगळ्यात पुढे निळ्या शालीतली, छत्रीवाली बाई.

"ही मी का?" सासूबाईंनी चष्मा सावरला. "नाक जमलंय हो."

जावईबापूंनी बटण दाबलं. इंजिन ऐटीत फलाटाला लागून गेलं. मागचा डबा मात्र चांगला लांब. वळणावर त्याचं पोट आतल्या बाजूला आलं, तो फलाटाला घासला आणि रूळ सोडून थेट गर्दीत शिरला. सातही उतारू आडवे. निळ्या शालीतली बाई उडाली ती सासूबाईंच्या चहाच्या कपात.

सासूबाईंनी चमच्याने स्वतःला बाहेर काढलं, बशीत निथळत ठेवलं आणि म्हणाल्या, "स्वागत आवडलं. पुढच्या वेळी पत्र टाकलंत तरी चालेल."

पुढचे दोन दिवस कवळीवाले त्या खोलीकडे फिरकले नाहीत. "तीस वर्षांत माझं एक माप चुकलं नाही," एवढंच भिंतीला सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी बायकोच शिवणाची टेप गळ्यात अडकवून आत गेली.

"माप बरोबर घेतलंत, पण बारक्याचं. आणि कपडा शिवलात जाड्याला," ती म्हणाली. "वर माया सोडलीच नाहीत."

"माया?"

"कापड बेतताना जास्तीचं सोडतात ती! माणूस काय नुसता उभा राहतो? वळतो, वाकतो. तेव्हाच उसवतं."

तिने पेन्सिलीचा तुकडा डब्याच्या पोटाला दोऱ्याने बांधला आणि डबा हाताने हळूहळू वळणावरून ढकलला. फलाटावर आपोआप रेघ उमटली. कवळीवाल्यांनी कवळ्या घासायचं यंत्र आणलं. स्वतःच्या हातचा तो गुळगुळीत काठ घासताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू दंतवैद्याच्या खुर्चीत तेच बसलेत.

पुढच्या रविवारी गाडी आली, थांबली, गेली. उतारू जागचे हलले नाहीत. सासूबाईंनी खूश होऊन बटण मागून घेतलं. एक फेरी झाली, दुसरी झाली, दहा झाल्या. कवळीवाले स्टुलावर बसून पाळीची वाट पाहत होते. शेवटी त्यांनी हळूच हात पुढे केला. "जरा मी..."

"मागे व्हा," सासूबाई नजर न हलवता म्हणाल्या, "गाडी येतेय."