अक्काची पिल्लं आणि कूलरच्या टाकीतली रेती

गेल्या हिवाळ्यात माझ्या नणंदबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे जळगावला आल्या. एसटीतून उतरल्या तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्याने बांधलेली टोपली. मला वाटलं, मेथी असेल नाहीतर बोरं. रिक्षात बसल्यावर टोपली बोलायला लागली.

त्यांना सगळे अक्काच म्हणतात. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. मूलबाळ नाही, त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. कोरडवाहू शेत वाट्याने दिलेलं, घरी एक शेळी आणि चारदोन कोंबड्या. कोंबड्या खाण्यासाठी नाहीत, अक्का माळकरी आहेत. अंगणात कोंबडी फिरत असली की विंचू टिकत नाही, म्हणून त्या पाळतात. निघायच्या आदल्या दिवशी अंड्यांवर खुडुक बसलेल्या कोंबडीची पिल्लं बाहेर पडली आणि त्याच संध्याकाळी मुंगसाने कोंबडी नेली.

"मुंगूसनी माय नेली," अक्का मला रिक्षात म्हणाल्या. "यास्ले कोना भरवसावर सोडू?"

शेळी आणि बाकीच्या कोंबड्या शेजारणीने ठेवून घेतल्या होत्या. पण आई नसलेली, कालपरवा अंड्यातून निघालेली पिल्लं सांभाळायला कोणी तयार होईना. म्हणून ती जळगावातल्या पिंप्राळ्याला आली, आमच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या पडवीच्या घरात.

माझे यजमान दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी बॉयलरच्या आवाजात आणि पाळ्यांमध्ये गेली. घरी बसल्यापासून ते फार गप्प झाले होते. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या. मी शाळेत शिकवते; घरी येऊन काही विचारलं, तर "हं" किंवा "ठीक" एवढंच. त्या दिवशी दार उघडून टोपलीत डोकावले आणि एकदम म्हणाले, "यांना ऊब पाहिजे. आधी बल्ब आणतो."

आजकाल पिवळ्या उजेडाचा, तापणारा बल्ब मिळणं सोपं राहिलेलं नाही. दुकानदार एलईडीच पुढे करतात. हे स्कूटरवर पिंप्राळ्यातली दुकानं पालथी घालून आले. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून धूळ बसलेला बल्ब काढून दिला, असं सांगताना त्यांचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी उजळलेला पाहिला.

पिल्लांना ठेवायचं कशात, तर कूलरच्या टाकीत. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय जगता येत नाही आणि हिवाळ्यात तो नुसता अडचण करतो. यांनी वरचा डबा काढला, खालची पत्र्याची टाकी पडवीत मांडली, वर बल्ब टांगला आणि तळाशी वर्तमानपत्रं अंथरली. पिल्लं आत सोडली. ती कागदावर घसरू लागली. गुळगुळीत फरशीवर नुकतं चालायला शिकलेलं मूल घसरतं तशीच. एका पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकले, ते पोटावरच पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांचं ऑपरेशन झालं, त्याच्या पुढच्या सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा समोर हे उभे होते. अक्कांनी डोळा मिचकावला, पुन्हा उघडला. बराच वेळ भावाकडे बघत राहिल्या.

"तू ते म्हतारा व्हई गया रे भाऊ," त्या म्हणाल्या.

यांची आई लवकर गेली. अक्कांनीच यांना कडेवर वागवलं. अक्कांचं लग्न झालं तेव्हा हे त्यांच्या मागे रडत बैलगाडीपर्यंत गेले होते, असं सासरे सांगायचे. यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि थेंबांची बाटली कुठे ठेवली ते नर्सला विचारत बाहेर गेले.

डॉक्टरांनी बजावलं होतं: काळा चष्मा लावायचा, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही आणि धुळीपासून लांब राहायचं. घरी आल्यावर अक्का पडवीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या. दोन हातांवर टाकी. त्यांना पिल्लांचा आवाज ऐकू आला नाही की जीव खालीवर व्हायचा. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "बठ्ठा शेतस ना?"

"सगळी आहेत, अक्का," मी सांगायची.

कागद घसरतो म्हणून यांनी लाकडाच्या वखारीतून भुसा आणला. आमच्याकडे तांदळाचं तूस मिळत नाही. भात पिकतोच कुठे, कापूस आणि केळी. भुशावर पिल्लं घसरेनात, पण उकरायला लागली. कोंबडीचं पिल्लू आईशिवाय असलं तरी उकरणं त्याला कोणी शिकवावं लागत नाही. पायांनी भुसा उडे, बल्बच्या उजेडात तो तरंगताना दिसे, आणि दुपारी अक्कांना शिंक आली. मग दुसरी. ऑपरेशन केलेला डोळा पाणावून लाल झाला.

आम्ही घाबरून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, डोळा ठीक होता. भुशाचं ऐकल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं.

"घरात एकतर पिल्लं राहतील, नाहीतर या बाई," ते म्हणाले.

परत येताना रिक्षा घराच्या कोपऱ्यावर आल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "मी गावले जास. थेंब मी मन्हा हाते टाकसू."

"तू कुठेही जायची नाहीस," हे म्हणाले.

त्या संध्याकाळी हे मोबाईल घेऊन बसले. पिल्लांच्या खाली काय घालतात, याचे व्हिडिओ एकामागून एक पाहत होते. जेवायला वाढलं तरी उठेनात. मग मला म्हणाले, "रेती. धुतलेली रेती. उडणार नाही, घसरणार नाही, आणि बल्बखाली तापून राहील."

अक्कांनी काळ्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. "रेतीमा कोनी पिल्ले ठेवतस का? थंड पडतीन ना ती."

"मोबाईलवर दाखवलंय, अक्का."

"मोबाईलनी कधी कोंबडी पाळेल शे का?"

शेजारी वरच्या मजल्याचं बांधकाम चालू होतं. हे पाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. शेजाऱ्यांनी विचारलं, काय दुरुस्ती काढली का? यांनी खरं ते सांगितलं. शेजारी हसले आणि म्हणाले, लागेल तेवढी न्या, पण कोंबडा झाला तर पहाटे आरवू देऊ नका.

पुढचे दोन दिवस आमच्या गच्चीवर रेतीचंच काम. आधी चाळली, बारीक माती गळून गेली, मोठे खडे यांनी वेचून काढले. मग बादलीत घालून पाणी सोडायचं, हाताने ढवळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं. पाणी नितळ निघेपर्यंत हे धुतच राहिले. नंतर जुन्या चादरीवर पसरून वाळवली. आमच्याकडे हिवाळ्यातही दुपारचं ऊन चटकतं, त्यामुळे वाळायला वेळ लागला नाही. मी शाळेतून आले तेव्हा हे गुडघ्यावर बसून एक मूठ रेती बोटांतून खाली सोडत होते. वाऱ्यात काही उडतं का, ते पाहत होते. उडत नव्हतं.

तोपर्यंत पिल्लं फडक्यावर ठेवली होती आणि त्यातलं एक, पहिल्या दिवसापासून मलूल होतं ते, सकाळी गेलं. अक्कांना कसं सांगावं, हे मला कळेना. सांगावं लागलंच नाही. त्यांनी आवाजावरून ओळखलं होतं. "एक कमी शे," एवढंच म्हणाल्या, आणि यांनी ते तुळशीच्या कुंडीपासून दूर, कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरलं.

टाकीत तीन बोटं जाडीची रेती पसरली. बल्ब लावला. ती तापेपर्यंत यांनी पिल्लं आत सोडू दिली नाहीत. मधूनमधून हात खुपसून बघत. मग सोडली. पिल्लं दचकल्यासारखी थांबली, एकेकाने चोच मारून पाहिली, आणि थोड्याच वेळात सगळी टाकीभर चालत होती. रेतीला नखं रुततात, पाय सरकत नाहीत. एक पिल्लू आडवं पडून पंख फडफडवायला लागलं. मला वाटलं, हेही जातंय. मी यांना हाक मारली.

अक्का खुर्चीतूनच म्हणाल्या, "काय करस ते?"

मी सांगितलं, पाठीवर रेती उडवतंय, डोळे मिटलेत.

अक्का पहिल्यांदा हसल्या. "अंघोळ करस ते, बाई. राखमा करतस तशी."

पाय फाकलेल्या पिल्लासाठी यांनी वेगळा उपाय केला. अक्कांच्या डोळ्याच्या पट्टीतून उरलेली चिकटपट्टी होती, तिची बारीक फीत कापून दोन्ही पायांना सैलसर जोडून बांधली, मध्ये चालण्यापुरतं अंतर ठेवून. बॉयलरचे वॉल्व्ह फिरवलेल्या यांच्या जाड बोटांत ती एवढीशी फीत मावत नव्हती. मी पिल्लू धरलं होतं. त्याचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं. दोन दिवस ते पडत-उठत राहिलं. मग उभं राहिलं. पट्टी काढली तेव्हा ते इतरांच्या मागून थोडं फेंगडं चालत होतं, पण चालत होतं.

रोज सकाळी टाकी साफ करायची. विष्ठा रेतीवर सुकून तिच्या गोळ्या होतात, वरवर उचलल्या की खालची रेती स्वच्छ. हे करायला यांनी माझा पुऱ्या तळायचा झारा नेला. मला कळलं ते संकष्टीला, साबुदाण्याचे वडे करायला बसले तेव्हा.

"झारा कुठे आहे?"

"नवा आणतो," हे पडवीतून म्हणाले.

त्रास होताच. पिल्लं उकरून पाण्याची वाटी रेतीने भरून टाकायची. वाटी फरशीच्या तुकड्यावर उंच ठेवली तेव्हा ते कमी झालं. ओली झालेली रेती लगेच काढून दुसरी घालावी लागे. पण धूळ नव्हती. अक्कांना शिंक आली नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी डोळा छान आहे म्हटलं, आणि पिल्लांचं विचारलं. यांनी रेतीची सगळी कृती त्यांना सांगितली. मागे रांग लागली होती, तरी डॉक्टरांनी ऐकून घेतली.

महाशिवरात्रीच्या आधी एका दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. केळीवाल्यांचं नुकसान, हरभऱ्याचं नुकसान, सगळ्यांच्या तोंडी तेच. वीज गेली ती अंधार पडला तरी आली नाही. हवा एकदम गार झाली. टाकीतला बल्ब विझलेला. यांनी टाकीवर पोतं टाकलं, रेतीत हात घातला. अजून ऊब होती, पण ती किती टिकणार? आयुष्यभर वीज तयार केलेला माणूस अंधाऱ्या पडवीत पिल्लांपाशी उकिडवा बसून होता. फोन लावत होता, ट्रान्सफॉर्मर कधी दुरुस्त होईल ते विचारत होता.

अक्का उठून स्वयंपाकघरात आल्या. भिंतीला धरून, चष्मा सांभाळत.

"कढईमा रेती तपाव, बाई," त्या म्हणाल्या. "मी गुडघा शेकस ना, तशी."

गच्चीवरची उरलेली रेती पोत्यात होती. मी गॅसवर लोखंडी कढईत ती परतायला घेतली. यांचे जुने मोजे आणले, अक्कांनी त्यात गरम रेती भरून तोंडं बांधली. प्रत्येक पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघत होत्या. फार तापली असली की फडक्यात गुंडाळत. मी नेऊन दिली, यांनी ती रेतीत अर्धवट पुरली. पिल्लं चिवचिवत भोवती आली, आणि एकेक करून मोज्याला टेकली. एखाद्या कोंबडीला टेकावं तशी. आवाज कमी होत गेला.

वीज रात्री जेवणाच्या वेळेला आली. तोवर आम्ही तिघं आळीपाळीने कढई आणि पडवी करत होतो. मधल्या एका फेरीत अक्कांनी यांना विचारलं, लहानपणी तुला गालफुगी झाली तेव्हा मी असाच शेक द्यायचे, आठवतं का? यांना आठवत नव्हतं. मग अक्का सांगत गेल्या आणि हे ऐकत गेले. लहानपणच्या अशा कितीतरी गोष्टी त्या दिवशी मी प्रथम ऐकल्या. हेही बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच पाहिलं होतं.

होळीपर्यंत पिल्लांना पंख आले. ती टाकीच्या काठावर उड्या मारून बसायला लागली, आणि उन्हाळाही तोंडावर आला. कूलर लागणार होता. अक्कांचा डोळा बरा झाला होता. चष्मा काढून त्या पिल्लांना डोळे भरून बघायच्या, कुठल्या पिल्लाच्या मानेवर तांबूस पिसं आहेत, कुठलं कोंबडा निघणार, ते मला दाखवायच्या.

हे त्यांना पोचवायला गावी गेले. दोन दिवसांत येतो म्हणून गेले आणि आठवडा राहिले. परत आल्यावर कळलं, खुराड्याला खालून लोखंडी जाळी बसवली, मुंगूस शिरू नये म्हणून. आणि नाल्यातली रेती आणून, चाळून, धुऊन आत घातली. धुतल्याशिवाय अक्का घालू देईनात म्हणे.

आता दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. अक्कांना मोबाईल नीट धरता येत नाही, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळा छप्पर दिसतं नाहीतर त्यांचा कान. मागच्या रविवारी त्यांनी फोन खुराड्यात घातला. ती फेंगडी चालणारी आता चांगली भरलेली कोंबडी झाली आहे. रेतीत खळगा करून बसली होती, आणि अक्का फोनच्या मागून सांगत होत्या की तिला हाक मारू नका, ती अंड्यांवर आहे.