हळदीच्या डबीतल्या गोळ्या

रोज सकाळी तोंडाला फडकं बांधण्याआधी छबूबाई पाकिटातली एक गोळी अंगठ्याने दाबून बाहेर काढायची आणि हळदीच्या रिकाम्या डबीत टाकायची. पाकीट रिकामं दिसायला हवं, एवढंच. मग भाकरी बांधून रिक्षाने कोरीटहून नंदुरबारला, मिरचीच्या पथारीवर.

मोकळ्या रानात लाल मिरची वाळत पडलेली आणि तिच्या कडेला बाया देठं खुडत बसलेल्या. दहा वाजता छबूबाईच्या पिशवीतला फोन वाजायचा. ती बोटाच्या पेराने बटण दाबायची, तिखटाने माखलेलं टोक लावायची सोय नव्हती. फोनवर दवाखान्यातल्या रुपाचा भरून ठेवलेला आवाज असायचा: रक्तदाबाची गोळी घेतली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. छबूबाई एक दाबायची.

सुरुवातीला एकदा तिने खरं तेच केलं होतं, दोन दाबलं होतं. तासाभरात खुद्द रुपाचा फोन आला. फोन हातात धरता येईना म्हणून मोठ्या आवाजावर गोणीवर ठेवलेला, आणि गोळी का नाही घेतली ते रुपा विचारतेय. मुकादम ऐकतोय, सगळ्या बाया ऐकताहेत. शेजारची रुखमाबाई म्हणाली, "सांग व माय, तुन्ही पोर इचारी ऱ्हायनी." छबूबाईने विसरले म्हणून सांगितलं. त्यानंतर कायम एक.

गोळी कशासाठी आहे हे तिला कोणी शिकवायला नको होतं. नवरा, भिला, रक्तदाबानेच एका अंगाने लुळा पडला होता. त्याला धुळ्याला नेलं, परत आणलं, आणि पुढची दोन वर्षं, तो जाईपर्यंत, ती त्याला चमच्याने भरवत होती. आपल्यावर तशी वेळ आली तर चमचा धरायला घरात कोण, हा प्रश्न ती खुडता खुडता मनात घोळवायची आणि तसाच सोडून द्यायची. दिवसाच्या शेवटी पाठ इतकी भरून यायची की भीतीसुद्धा नीट वाटत नसे.

तीन महिन्यांनी दवाखान्यात वरचा आकडा एकशे नव्वद निघाला. डॉक्टरांनी संगणकावर पाहिलं, रोज गोळी घेतल्याची नोंद. म्हणजे एवढीने भागत नाही, असं म्हणून त्यांनी दुसरी गोळी जोडून दिली. महिनाभरात उतरलं नाही तर धुळ्याला पाठवू, असंही सांगितलं. छबूबाई मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवसापासून डबीत दोन गोळ्या पडू लागल्या. चौथ्या दिवशी डबीचं झाकण लागेना.

त्या दिवशी दहा वाजता तिने दोन दाबलं आणि फोन घेऊन कुंपणापाशी जाऊन बसली. रुपाचा फोन आला तेव्हा तो खांद्यात आणि कानात दाबून धरला.

"गोळी खाई का घडीघडी बाहेर जानं पडस, बेटा. आठे आडोसा नही. आनि ह्या मिरचीना हात लिसन कसं जाऊ?"

रुपाने विचारलं, "मंग एक कसाले दाबत व्हती, मावशी?"

"तू रोज इतली इचारस. नही कसं म्हनू?"

रुपा रागावली नाही. तिच्या यादीत त्या दिवशीची अजून साठ माणसं बाकी होती, आवाज बसलेला होता. तिने सांगितलं, डबीतल्या गोळ्यांना हात लावू नका, भरपाई म्हणून तर मुळीच खाऊ नका, उद्याच दवाखान्यात या. डॉक्टरांशी मी आज बोलते. दोन्हीपैकी लघवीची गोळी कोणती हे तिने पिशवीतल्या पाकिटावरचं नाव अक्षर अक्षर वाचायला लावून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी छबूबाईची मजुरी बुडाली. डॉक्टरांनी डबी पाहिली आणि जुन्या दोन्ही गोळ्या बंद करून एकच वेगळी दिली, रात्रीच्या जेवणानंतरची. पंधरा दिवसांनी आकडा एकशे साठवर आला. पथारीवर आडोसा झाला नाही. बाया अजूनही दिवसभर पाण्याच्या दोन घोटांवरच काढत होत्या.

आकडा कळल्यावर रुपाने फोन केला आणि आणखी काही अडचण आहे का ते विचारलं. छबूबाई नुकतीच पथारीवर येऊन बसली होती.

"काही नही," ती म्हणाली. "फोन आते सांजले करत जाय, बेटा. दिनभर हात तिखट ऱ्हातस."