फ्रेंच पाहुणीची जेवणाची वेळ

फ्रान्सहून आलेली आमची पाहुणी परसात दात घासत होती, तोंड फेसानं भरलेलं, आणि मी नेमकं तेव्हाच समोर जाऊन विचारलं, "तू मांज आ केल अर?" म्हणजे, तू किती वाजता जेवतेस? तिला हसू आवरेना. सगळा फेस माझ्या नुकत्याच धुतलेल्या सदऱ्यावर.

पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. मी धावड्याला शाळामास्तर होतो. ही पोरगी शेती आणि विहिरींचा अभ्यास करायला आलेली, मुक्काम आमच्या घरी. मराठी पुण्यात शिकलेली, अगदी पुस्तकातली. तिच्याकडून मी हौसेनं चार फ्रेंच वाक्यं उचलली होती, तीही घरातल्या अरे-तुरेची. पाहुण्या बाईला 'तू' म्हणताना जीभ अडखळायची, ती म्हणायची, "आमच्याकडे मैत्रीत असंच."

पण त्या सकाळचा प्रश्न हौसेचा नव्हता. बायकोनं धाडलं होतं.

"अहो, ही पोरगी जेवत न्हाई. ताट वाढलं की हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत बसते. भाकर गार झाली की दोन घास खाते अन् उठते. माझ्या हाताला चव न्हाई का?"

"विचारलं मी. म्हणाली, फार रुचकर आहे, पोट भरलं."

"आपल्या भाषेत ती नुसतं गोड बोलून राह्यली. तिच्या भाषेत विचारा. माझ्या घरून उपाशी गेली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

आता जेवणाबद्दलचं माझ्याजवळ ते एकच वाक्य. तेच टाकलं.

पाहुणीनं चूळ भरली, धुण्याच्या दगडावर बसली आणि भराभरा बोलत सुटली. मला ओ की ठो कळेना. मग ती अर्ध्या मराठीवर आली. "दुपारी एक. रात्री आठ." लगेच मान हलवली. "घड्याळ नाही. आई. आई चुलीपासून येते, खुर्चीवर बसते, चमचा उचलते. मग आम्ही. आई उभी, तर कोणी खात नाही." आणि हळूच म्हणाली, "ताई बसत नाहीत. मी वाट पाहते."

सात समुद्रांपलीकडं कुणी एक बाई हात पुसत खुर्ची ओढून बसते, आणि तोवर भुकेली पोरं हात मांडीवर ठेवून थांबतात, हे मला त्या परसात लख्ख दिसलं. आणि आमच्या घरात काय चाललं होतं? पाहुणी उठल्याशिवाय बायको जेवायची नाही, बायको बसल्याशिवाय पाहुणी. दोघी रीत पाळत होत्या. मधल्यामधे पोटभर जेवत होतो तो मी.

बायकोला सांगितलं तर ती उडालीच. "मी? पाहुण्यांच्या पंगतीला? अन् तव्यावरची भाकर कोण बघंल?"

"आधीच थापून ठेव."

"पाहुणीला गार भाकर वाढू?"

पण दुपारी पोरांची जेवणं झाल्यावर फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी मधे आल्या आणि तीन ताटं मांडली गेली. बायकोनं पदर सारखा केला, एकदा दाराकडं पाहिलं, घास तोंडात घातला. त्याबरोबर पाहुणीचा हात उठला. मग ती जेवली, बाबा! ठेच्यानं डोळ्यांत पाणी, नाक लाल, पण हात थांबेना. बायको तिला वाढायची आणि स्वतःही खायची. पहिल्या घासाला तिनं डोळे मिटले होते. लग्नाला इतकी वर्षं झालेली, घरात पोरं खेळणारी, आणि ही बाई जेवताना कशी दिसते ते मी पहिल्यांदा पाहत होतो. माझा घास हातातच राहिला.

पाहुणी विहिरींकडं गेल्यावर मी ऐटीत विचारलं, "मंग? कसं वाटलं?"

बायको ताटं गोळा करत म्हणाली, "चुलीपाशी बसून तुमचं मचमच ऐकू यायचं, तर मला वाटायचं, माझं कालवण लई आवडलं यांना. आज समोर बसले तवा कळलं, तुम्ही पाणी बी तसंच पिता."