मूळ गाव कुठलं?

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेतले आमचे शेजारी काका नवा माणूस दिसला की विचारतात, "मूळ गाव कुठलं?" गाव कुठलंही असो, तिथे त्यांचा मावसभाऊ नाहीतर वर्गमित्र निघतोच. पुढचं उत्तर ऐकायची त्यांना गरज पडत नाही.

मागच्या उन्हाळ्यात पॅलेस्टिनी कुटुंबांना भेटायला आमच्या युनिव्हर्सिटीचा ग्रुप वेस्ट बँकला निघाला, तेव्हा बाहेरच्यांनाही येता येत होतं, म्हणून काकांनीही नाव दिलं. "काका, तिथे तरी हा प्रश्न नको हं," मी विमानातच बजावलं. "छे गं!" काका म्हणाले.

निर्वासितांच्या छावणीत एका आजोबांनी आम्हाला चहा दिला आणि काकांनी विचारलंच. दुभाषी मुलगी म्हणाली, "ते गाव आता नाही. हे लहान असताना सगळ्यांना हाकललं आणि घरं पाडली." मग आजोबा गावातली विहीर, अंजिराची झाडं, शाळेची वाट असं बराच वेळ सांगत राहिले. काका एकदाही मध्ये बोलले नाहीत.

शेवटी आजोबांनी विचारलं, "आणि तुमचं गाव?"

एरवी काका गावाबद्दल तासभर बोलले असते. त्या दिवशी त्यांनी खाली बघत नुसतं नाव सांगितलं.

"आहे अजून?" आजोबांनी विचारलं.

"आहे," काका अगदी हळू म्हणाले.